श्रीनगरात भावाच्या घरचा पाण्याचा पाईप गोठलाय, तातडीनं सल्ला हवा

विटेकर_गलाई
नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, थेट मुद्द्यावर येतो. आम्ही खानापूर तालुक्यातले, घरचा पिढीजात गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा. धाकटा भाऊ श्रीनगरला दुकान चालवतो. यंदा त्यानं बायकोला आणि लेकराला तिकडं नेलं आणि भाड्यानं एक जुनं दुमजली घर घेतलं. आज सकाळी त्याचा फोन आला. घरातल्या एकाही नळाला पाणी नाही, शेजाऱ्यांकडं मात्र येतंय. म्हणजे त्याच्याच घरात कुठंतरी पाईप गोठलाय. घरमालक जम्मूला गेलेत आणि फोन उचलत नाहीत. प्लंबर म्हणतो, सगळीकडून बोलावणी आहेत, उद्याशिवाय जमणार नाही.

आता भाऊ म्हणतोय, दुकानातली सोनं गाळायची गॅसची टॉर्च आणतो आणि पाईपवर फिरवतो, पाच मिनिटांत मोकळा होईल. लहानपणापासून भट्टीपुढं बसलेला माणूस, त्याला आगीचं काही वाटत नाही आणि मला त्याचीच धास्ती वाटायलीय. घराच्या भिंतींना आतून लाकडी फळ्या मारलेल्या आहेत. तूर्त थांब म्हणून सांगितलंय. थंड मुलखात राहिलेलं कुणी असेल तर लवकर सांगा, काय करायचं?

सुभेदार_सातारा
टॉर्च आणू देऊ नका. आधी भावाला एवढं फोनवर सांगा, मग पुढचं वाचा.

मी फौजेतून निवृत्त झालो, नोकरीतले बरेच हिवाळे लडाखात गेले. पाईप गोठणं हे तिकडं रोजचं आहे. त्यातून होणारं मोठं नुकसान बर्फानं कमी आणि घाईनं जास्त होतं.

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. पण पाईप बर्फ झालाय तिथंच फुटतो असं नाही. बर्फाचा बोळा पाईपमध्ये लांबत जातो. बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये जे पाणी कोंडलं जातं त्याला पळायला वाट नसते. त्या पाण्याचा दाब वाढत वाढत जातो आणि जो जोड कच्चा असेल तिथं पाईप चिरतो. म्हणून पहिलं काम, गोठलेल्या लाइनीवरचे नळ उघडायला सांगा आणि उघडेच ठेवायला सांगा. त्यातून थेंब आला नाही तरी चालेल. वाट मोकळी पाहिजे.

टॉर्चबद्दल. ज्योत पाईपच्या मधल्या भागावर पडली की आतलं पाणी उकळतं. दोन्ही बाजूंना अजून बर्फ असतो, वाफेला जागा नाही, पाईप फुटून उकळतं पाणी तोंडावर येतं. हा एक धोका. दुसरा त्याहून वाईट. पाईपमागची फळी, भुसा, कागद, फोम आतल्या आत धुमसायला लागतो. बाहेरून काही दिसत नाही. माणूस टॉर्च विझवून चहा प्यायला बसतो आणि आग भिंतीच्या पोटात वर चढत असते. आमच्या एका ठाण्यावर प्लायवूडच्या खोलीत स्टोव्ह पाईपखाली धरला होता. जवान वाचले, खोली वाचली नाही. टॉर्च, स्टोव्ह, शेगडी, पेटवलेला बोळा, यातलं काहीही पाईपजवळ न्यायचं नाही.

करायचं असं. जुना टॉवेल किंवा सुती धोतर गरम पाण्यात बुडवून पिळायचं आणि पाईपभोवती गुंडाळायचं. गार झालं की बदलायचं. पाणी हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त गरम, उकळतं नको. उकळतं पाणी थेट पाईपवर ओतलं तर जुना प्लास्टिक पाईप तडकतो आणि खाली सांडलेलं पाणी परत गोठून पाय घसरतो ते वेगळंच. वीज असेल तर केस वाळवायचा ड्रायर उत्तम. पण हात कोरडे, पाय कोरड्या जागी आणि खाली पाण्याचं थारोळं नाही हे बघून.

सुरुवात नळाच्या बाजूनं करायची आणि तिथून मागं मागं सरकायचं. हे उलटं केलं तर वितळलेलं पाणी आणि वाफ मधेच कोंडते. वेळ लागतो. तासभर लागेल, दोन तासही लागतील. भावाला सांगा, धीर धर.

विटेकर_गलाई
सुभेदारसाहेब, फार उपकार झाले. भावाला फोन केला, टॉर्च दुकानातच राहिली. सगळे नळ उघडून ठेवलेत. शेजाऱ्यांकडून दोन बादल्या पाणी आणून गॅसवर तापत ठेवलंय. पण आता अडचण अशी की पाईप नेमका कुठं गोठलाय ते कळंना. थोडा पाईप भिंतीवरून गेलाय, थोडा फळ्यांच्या मागं आहे. आणि वहिनी विचारतायत, तोवर गीझर लावला तर गरम पाणी मिळेल का?

मिरज_प्लंबिंग
गीझरचं बटण बंद करायला सांगा. आत्ताच्या आत्ता. बाकी सगळं नंतर.

कारण सांगतो. गीझरला येणारी थंड लाइन गोठली असेल तर टाकीत पाणी किती आहे हे बाहेरून कळत नाही. कोरडा कॉइल तापला तर जळतो, ते नुकसान परवडलं. पण येणारी लाइनही गोठलेली आणि जाणारीही गोठलेली असेल, आणि वर सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाशीही बर्फ असेल, तर मधली टाकी म्हणजे चहूबाजूंनी बंद भांडं झालं. त्याला खालून उष्णता दिली की काय होतं ते गलाईवाल्यांना मी सांगायला नको. गरम पाण्याच्या नळातून चांगली धार पडल्याशिवाय गीझर चालू करायचा नाही.

आता जागा शोधायची. कुठला नळ कोरडा आणि कुठला थोडा तरी गळतोय ते आधी बघा. तुमच्याकडं सगळेच कोरडे आहेत, म्हणजे अडथळा सगळ्यांच्या अलीकडं, घरात येणाऱ्या मुख्य लाइनीवर असणार. मग पाईप बाहेरच्या भिंतीतून आत कुठं शिरतो ती जागा गाठा. दहातली आठ वेळा तिथंच सापडतं, विशेषतः भोक पाडल्यावर कुणी नीट बुजवलेलं नसेल तर. त्या फटीतून येणारा वाऱ्याचा बारीक झोत एकाच ठिकाणी रात्रभर पाईपवर लागतो. बाकी खोली उबदार असली तरी तेवढा वितभर पाईप गोठतो. हात फिरवत गेलात की गोठलेला भाग एकदम जास्त गार लागतो, कधी वर पांढरं दव धरलेलं असतं, कधी पाईप थोडा फुगलेला दिसतो. नाण्यानं हळू वाजवून बघा. पाण्यानं किंवा हवेनं भरलेला पाईप आणि बर्फानं भरलेला पाईप यांचा आवाज वेगळा येतो.

फुगलेला किंवा चिरलेला पाईप दिसला तर वितळवण्याआधी मेन कॉक बंद. चीर आत्ता बर्फानंच बुजलेली असते, म्हणून गळत नाही. बर्फ सुटला की कारंजं उडणार. चीर दिसली नाही तरी एक माणूस मेन कॉकपाशी उभा ठेवा. कॉक थोडा उघडा ठेवला तर वितळायला लागल्यावर वाहतं पाणी उरलेला बर्फ स्वतःच घेऊन जातं.

पाईप कुठला आहे? लोखंडी जीआय असेल तर टॉवेल बिनधास्त गुंडाळा. पांढरा पीव्हीसी असेल तर ड्रायर एका जागी धरून ठेवू नका, तो पाईप ६० अंशांच्या पुढं मऊ पडायला लागतो. फळ्यांच्या मागचा भाग असेल तर फळी काढता येते का बघा. येत नसेल तर ती खोली गरम करा आणि थांबा. भिंतीत आंधळेपणानं उष्णता घालू नका.

कराडची_डॉक्टर
वरचं सगळं वाचलं. "खोली गरम करा" या वाक्यावर मला थोडं लिहायचं आहे, कारण हिवाळ्यात काश्मीरमधून गुदमरल्याच्या ज्या बातम्या येतात त्या अशाच खोल्यांतून येतात.

बंद खोलीत कोळशाची शेगडी, बुखारी (धुराड्याची लोखंडी शेगडी), कांगडी (निखाऱ्यांची छोटी टोपली) किंवा गॅसचा हीटर लावला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो आणि शरीर आतून उपाशी राहतं. सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, झोप येते. थंडीचा त्रास असेल म्हणून माणूस पांघरूण घेऊन आडवा होतो आणि मग उठत नाही. घरातल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटलं, तर हेच आहे असं समजून चालायचं.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. करोनापासून घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. त्याच्यावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडनं व्यापलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनचं हिमोग्लोबिन यातला फरक त्या यंत्राला कळत नाही. माणूस बेशुद्धीच्या वाटेवर असतो आणि आकडा ९८ दाखवतो. शंका आली की सगळ्यांना बाहेर काढायचं, दारं-खिडक्या उघडायच्या आणि थेट दवाखाना.

पाईपसाठी खोली गरम करायची असेल तर विजेचा हीटर घ्या, पडद्यापासून आणि अंथरुणापासून लांब ठेवा, आणि तिथं जागं माणूस हवं. बुखारीच वापरायची तर तिचं धुराडं बर्फानं किंवा काजळीनं चोंदलेलं नाही ना ते आधी बघायचं. लहान मूल आहे घरात, त्याला त्या खोलीत झोपवू नका.

विटेकर_गलाई
मंडळी, पाणी आलं!

मिरजकर दादांनी सांगितलं तसंच निघालं. स्वयंपाकघरात मोरीच्या खाली जिथून पाईप बाहेरच्या भिंतीतून आत येतो तिथं अंगठा जाईल एवढी फट होती. हात लावला तर वारा येत होता. पाईप जीआयचा, अर्ध्या इंचाचा. भावानं मोरीच्या नळापासून सुरुवात केली. वहिनी टॉवेल पिळून देत होत्या, तो गुंडाळत होता. बराच वेळ काहीच नाही. मग नळातून फुस्स करून हवा आली, त्यामागून तांबूस गढूळ पाणी ठिबकायला लागलं, मग परत बंद. पुन्हा टॉवेल. शेवटी पाईपमध्ये खडखड वाजलं आणि बोटाच्या पेराएवढे बर्फाचे तुकडे मोरीत येऊन पडले. त्याच्या पाठोपाठ धार. व्हिडिओ कॉलवर आम्ही विट्यात सगळं घर बघत बसलो होतो.

तेवढ्यात फटीजवळच्या एल्बोतून (पाईप वळतो तिथला जोड) बारीक फवारा उडायला लागला. शेजारचे काका मेन कॉकपाशी उभेच होते, त्यांनी लगेच बंद केला. नाहीतर खाली लाकडी जमीन, सगळी भिजली असती. एल्बोला केसाएवढी चीर आहे. प्लंबर उद्या येऊन बदलणार. तोवर दोन पिंपं भरून घेतलीत.

डॉक्टर ताई, तुमचा मजकूर वहिनींना जसाच्या तसा पाठवला. कांगडी आता झोपायच्या खोलीतून बाहेर गेलीय.

आता पुढचं विचारतो. तिकडं चिल्लई कलान, म्हणजे हिवाळ्यातला सगळ्यात कडाक्याच्या थंडीचा काळ सुरू आहे, ३१ जानेवारीपर्यंत अशीच थंडी राहणार म्हणतात. परत गोठू नये म्हणून काय करायचं?

सांगलीची_मिनेसोटात
मूळची विश्रामबागची, आता इथं मिनेसोटात आहे. इथं उणे २५ म्हणजे बातमीसुद्धा होत नाही, त्यामुळं पाईप सांभाळणं हे घर चालवण्याचाच भाग आहे.

इथं साधारण उणे ६-७ अंशांच्या खाली पारा जायची चिन्हं दिसली की लोक सावध होतात, कारण त्या थंडीत उघडा, न गुंडाळलेला पाईप गोठायला लागतो. श्रीनगरात डिसेंबर २०२४ मध्ये उणे ८.५ गेलं होतं, म्हणजे तुमच्या भावाचं घर या रेषेच्या पलीकडं जाऊ शकतं.

सगळ्यात स्वस्त आणि आधी करायची गोष्ट म्हणजे ती फट बुजवणं. पाईपभोवती फोम किंवा सीलंट भरा. हाती काहीच नसेल तर तूर्त सुकी चिंधी ठासा. पाईपला वारा लागता कामा नये.

दुसरं, मोरीखालच्या कपाटाची दारं रात्री उघडी ठेवायची, म्हणजे खोलीतली ऊब पाईपपर्यंत पोचते. माझी आई इथं आली की रोज रात्री ओटा पुसून ती दारं लावून टाकते, कारण उघडं कपाट तिला बघवत नाही. शेवटी मी दारांना दोरी बांधली. वर मोरीखाली ठेवलेली फिनाइलची बाटली वगैरे काढून घ्या, घरात मूल आहे.

तिसरं, रात्री हीटिंग बंद करायचं नाही. वीज वाचवायची आपली सवय चांगलीच आहे, पण थंड मुलखात रिकाम्या खोलीची ऊब तोडली की त्या खोलीच्या भिंतीतला पाईप पहिला जातो. आम्ही भारतात येतो तेव्हासुद्धा घर १३ अंशांच्या खाली जाऊ देत नाही, मेन कॉक बंद करतो, नळ उघडून पाईप रिकामे करतो आणि शेजारणीकडं किल्ली देतो. बाहेर बागेचा नळ असेल तर त्याची रबरी नळी पानगळीतच काढून ठेवायची. नळी लावलेली राहिली की तिच्यात आणि नळात पाणी अडकतं आणि भिंतीच्या आत पाईप फुटतो. ते कळतं थेट वसंतात, पहिल्यांदा नळ सोडल्यावर.

खूप थंडी असेल त्या रात्री बाहेरच्या भिंतीला लागून असलेला नळ बारीक धारेनं सोडून ठेवायचा. गरम पाण्याचाही. वाहतं पाणी गोठायला वेळ लागतो, आणि मुख्य म्हणजे सुभेदारसाहेबांनी सांगितलेला तो दाब साठत नाही.

टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये काय झालं ते आठवत असेल. तिथली घरं उन्हाळ्याच्या हिशोबानं बांधलेली, वीज गेली, घरोघरी पाईप फुटले आणि ऊब मिळावी म्हणून लोकांनी कोळशाच्या शेगड्या घरात पेटवल्या, गॅरेजमध्ये जनरेटर चालवले. डॉक्टर ताईंनी सांगितलेल्या विषबाधेनं माणसं गेली. भावाच्या घरीही वीज जात असणार, म्हणून विजेवर चालणाऱ्या उपायाबरोबर बिनविजेचा एक उपाय तयार ठेवायला सांगा.

आटपाडीकर
बाकी सगळं पटलं, पण रात्रभर नळ सोडून ठेवायचा हे आमच्यासारख्यांना ऐकवत नाही. टँकरच्या मागं घागरी घेऊन धावलेली माणसं आम्ही. काश्मीरमध्ये पाणी असेल, म्हणून ते गटारात सोडायचं का? दुसरा मार्ग नसेल तर गोष्ट वेगळी.

सांगलीची_मिनेसोटात
दादा, बरोबर आहे तुमचं. खाली बादली ठेवायची, सकाळी तेच पाणी भांड्यांना आणि फरशीला होतं. धारसुद्धा काडीएवढी पुरते.

सुभेदार_सातारा
दुसरा मार्ग आहे आणि श्रीनगरसारख्या ठिकाणी मला तोच जास्त बरा वाटतो.

फार थंडीत बारीक धारेचाही एक तोटा असतो. ते पाणी सांडपाण्याच्या नळीत जाऊन पडतं आणि ती नळी घराबाहेर उघडी असेल तर तिथं थर धरत जातो. सकाळी नळ चालू असतो आणि मोरी तुंबलेली. म्हणून आम्ही रात्री लाइनच रिकामी करत असू. रिकाम्या पाईपमध्ये गोठायला काही नाही.

झोपण्याआधी पिण्याचं आणि सकाळचं पाणी भरून घ्यायचं. मेन कॉक बंद करायचा. मग घरातला सगळ्यात वरचा नळ उघडायचा आणि सगळ्यात खालचा नळही उघडायचा. दोन्ही पाहिजेत. वरून हवा शिरली नाही तर पाणी पाईपमध्ये लटकून राहतं, खाली उतरतच नाही. खालच्या नळातून थेंब पडायचा थांबला की काम झालं. संडासाची टाकीही एकदा ओढून रिकामी करा. माळ्यावर टाकी असेल तर तिच्या बुडाशी असलेला कॉक बंद करून तिथून खालची लाइन रिकामी करायची, टाकी रिकामी करायची गरज नाही. भरलेली मोठी टाकी एका रात्रीत सहसा पूर्ण गोठत नाही. तिच्यातून निघणारा बोटभर पाईप आधी गोठतो. गीझर असेल तर तो बंद केल्याशिवाय लाइन रिकामी करायची नाही, आणि सकाळी नळातून अखंड धार येईपर्यंत चालू करायचा नाही. हे वर दादांनी सांगितलंच आहे.

सकाळी मेन कॉक एकदम उघडू नका. हळूहळू उघडा, नळ उघडेच ठेवा, आतली हवा निघून जाऊ द्या.

आणि एक, विटेकर. घरातल्या प्रत्येकाला मेन कॉक कुठं आहे ते हात लावून दाखवायला सांगा, वहिनींनाही. भाऊ दुकानात असताना पाईप फुटला तर त्यांनी फोन लावत बसायचं नाही, आधी कॉक फिरवायचा. जुने कॉक गंजून जाम होतात. आठवड्यातून एकदा बंद-चालू करून बघावा.

भिलार_होमस्टे
धागा वाचून एक शंका आली. आमचा होमस्टे पाचगणी-महाबळेश्वरच्या पट्ट्यात आहे. इथं श्रीनगरसारखी थंडी नाही, पण डिसेंबर-जानेवारीत वेण्णा लेक आणि लिंगमळ्याकडं पहाटे हिमकण दिसतात, गाड्यांच्या टपावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर असतो. पर्यटक फोटो काढतात, आम्हाला पिकाची काळजी. छतावर सोलर वॉटर हीटर आहे, जुना, काचेच्या सपाट पेटीचा. हवेचं तापमान शून्याच्या वर असतानासुद्धा त्याच्यातलं पाणी गोठू शकतं का?

मिरज_प्लंबिंग
शकतं, आणि विचारलंत ते बरं केलंत.

आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर छतावरचा पत्रा, काच, गाडीचा टप हे रात्रभर आपली उष्णता वर आकाशात सोडत राहतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंशांनी गार होतात. म्हणून हवा तीन-चार अंशांवर असतानाही टपावर बर्फ दिसतो. सपाट पेटीचा सोलर आकाशाकडं तोंड करूनच बसवलेला असतो आणि आत तांब्याच्या बारीक नळ्या असतात. अशा रात्री आधी त्याच नळ्या गोठायचा धोका. तांबं मऊ, बर्फानं फुगतं आणि उभी चीर पडते.

ज्या रात्री आभाळ स्वच्छ, वारा बंद आणि संध्याकाळीच हुडहुडी भरलेली असेल त्या रात्री पेटीवर जाड ताडपत्री टाका. तेवढ्यानंही बराच फरक पडतो. होमस्टे हंगामाबाहेर बंद ठेवत असाल तर पेट्या रिकाम्या करून ठेवा. पुढं बदलायची वेळ आली तर निर्वात काचनळ्यांचा सोलर घ्या, त्या नळ्या ऊब धरून ठेवतात. पण त्यालाही टाकीकडं जाणारे-येणारे पाईप उघडेच असतात, ते गुंडाळायला लागतात. टाकीच्या वर जो हवेचा पाईप उभा असतो त्याच्या तोंडाशी बर्फ किंवा पाखराचं घरटं नाही ना ते जरूर बघा. तो बंद झाला तर टाकीचा दाब जायला वाट नाही.

विटेकर_गलाई
प्लंबर येऊन गेला, एल्बो बदलला, फट सिमेंटनं बुजवून वरून फोम मारला. काल रात्री सुभेदारसाहेबांच्या पद्धतीनं लाइन रिकामी केली आणि सकाळी पाणी सुरळीत आलं. घरमालकांशीही बोलणं झालं, ते खर्च भाड्यातून वळता करून घ्यायला तयार आहेत.

पुढच्या आठवड्यात आमचे मेहुणे तिकडं निघालेत. त्यांच्याबरोबर पाईपला गुंडाळायचं सामान पाठवावं म्हणतोय. सांगलीत काय मिळेल? आई म्हणते गोणपाट गुंडाळा, घरात भरपूर पडलंय.

मिरज_प्लंबिंग
गोणपाट कोरडं असेल तोवर ठीक. बर्फाचं पाणी लागून भिजलं की ऊब धरत नाही, उलट ओली थंडी पाईपला चिकटून राहते. वापरायचंच तर वरून प्लास्टिकचा कागद घट्ट बांधायचा.

त्यापेक्षा एसी दुरुस्त करणाऱ्यांच्या सामानाच्या दुकानात जा. एसीच्या तांब्याच्या नळीवर घालतात ती काळी रबरी फोमची नळी मिळते, सांगलीत मिळेल, विट्यातही मिळेल. माप पाईपच्या बाहेरच्या व्यासाचं घ्यायचं. अर्धा इंची जीआय पाईप बाहेरून साधारण २१ मिलिमीटर भरतो, त्याला आतून २२ मिलिमीटरची नळी बसते. पाऊण इंचीला २८ ची घ्या. जाडी मिळेल तेवढी जास्त, १९ मिलिमीटर मिळाली तर उत्तम. बसवलेल्या पाईपवर घालायला तिला लांबीनं चीर द्यायची, पाईपवर चढवायची आणि चिरेवर तिचीच चिकटपट्टी मारायची. एल्बो आणि टी उघडे सोडू नका, लोक सरळ भाग सुंदर गुंडाळतात आणि जोड तसाच राहतो. तिथं तुकडे तिरके कापून बसवायचे.

एवढं मात्र ध्यानात ठेवा की ही नळी स्वतः ऊब देत नाही, आहे ती ऊब सावकाश जाऊ देते. पाईप रात्रभर बाहेर उघड्यावर असेल तर नळी घालूनही पहाटेपर्यंत गोठेल. बाहेरच्या तेवढ्या तुकड्याला विजेची तापणारी केबल मिळते, तिला थर्मोस्टॅट असलेलीच घ्यावी, एकमेकांवर आडवी गुंडाळू नये आणि तिच्या लाइनीवर आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) असावा. ती श्रीनगरातच घ्या, तिथले दुकानदार रोज विकतात, त्यांना कुठली चालते ते माहीत असतं. मेहुण्यांबरोबर नळी, चिकटपट्टीचे दोन रोल आणि एक धारदार कटर द्या. कटर चेक-इनच्या बॅगेत, हातातल्या बॅगेत काढून घेतात.

विटेकर_गलाई
लिहून घेतलं दादा. भावाला पाईपला टेप लावून घेर मोजायला सांगितलाय, माप आलं की उद्या सांगलीला जातो.

मिरज_प्लंबिंग
घेर मोजला असेल तर त्याला ३.१४ नं भागायचं, मग व्यास येतो. दुकानात घेर सांगू नका, भलतीच मोठी नळी देतील.